लेबल तेच, बिअर तीच का?

परदेशी ब्रँडची बिअर मूळ देशातून न येता दुसऱ्याच देशातील ब्रुअरीत परवान्याखाली तयार होते, तेव्हा तिच्यात नेमके काय बदलते, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : एकच लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) मी आधी तिच्या मूळ देशात प्यायलो आणि नंतर दुसऱ्या देशात, तिथेच बनलेली. दुसरी सपक लागली. ‘पाणी वेगळे, म्हणून चव वेगळी’ असे सगळे सांगतात. ते खरे आहे का?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपण हे विचारले असते, तर मी बिनदिक्कत ‘होय’ म्हटले असते. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि पाण्यावर प्रक्रिया करण्याची साधने नव्हती, तोवर गावाच्या पाण्यानेच गावाची बिअर ठरवली. चेक प्रदेशातील प्लझेनचे पाणी अत्यंत मृदू, म्हणून तिथे फिकट सोनेरी आणि कडवटपणातही मुलायम राहणारी पिल्सनर जमली. इंग्लंडमधील बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एल या बिअरमधील हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत उतरला. डब्लिनचे पाणी कार्बोनेटयुक्त आणि अल्कधर्मी, ते भाजलेल्या धान्याच्या आम्लतेने सावरले गेले आणि काळी स्टाउट तिथे रुजली.

आज मात्र मोठी ब्रुअरी नळाचे किंवा विहिरीचे पाणी जसेच्या तसे वापरत नाही. कार्बनच्या थरातून गाळून त्यातले क्लोरिन काढले जाते, गरज असेल तिथे रिव्हर्स ऑस्मोसिसने क्षार जवळजवळ शून्यावर आणले जातात आणि मग कॅल्शियम क्लोराइड, जिप्सम असे क्षार हव्या त्या प्रमाणात मोजून घातले जातात. प्लझेनचे पाणी पोलंडमध्ये ‘तयार’ करता येते, आणि पिल्सनर उर्केल ही बिअर काही वर्षे पोलंडमधील टीखी येथे बनतही होती. पाणी हा या व्यवहारातला सर्वांत निरपराध घटक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष त्याच्या माथी मारला जातो, कारण करारातील कलमांपेक्षा तो सांगायला सोपा पडतो. चव बदलते ती बहुतेक वेळा माणसांच्या निर्णयांमुळे. किती मद्यार्क ठेवायचा, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) जोडीला मका किंवा तांदूळ किती घालायचा, टाकीत किती दिवस मुरू द्यायचे, हे सारे कोणी तरी ठरवलेले असते.

प्रश्न : मूळ कंपनी आपले यीस्टच परवानाधारकाकडे पाठवते असे वाचले. मग तरीही फरक का पडावा?

यीस्ट पाठवले जाते हे खरे आहे आणि ते महत्त्वाचेही आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चियन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवले. त्यानंतर १८८६ मध्ये हाइनेकेन या डच कंपनीचे रसायनतज्ज्ञ एलिऑन यांनी ज्याला ‘ए-यीस्ट’ म्हणतात ते वाण वेगळे केले. सफरचंद आणि केळ्याची आठवण करून देणारा हाइनेकेनचा फळासारखा मंद गंध या यीस्टचा आहे, आणि जगभरातील हाइनेकेनमध्ये तेच वाण वापरले जाते.

परंतु यीस्ट हा जिवंत कामगार आहे आणि कामगार जसा जागेप्रमाणे वागतो तसाच तोही वागतो. उंच, निमुळत्या तळाच्या टाकीत तळाशी दाब जास्त असतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही जास्त असतो. त्यामुळे फळांचा गंध देणारी एस्टर नावाची संयुगे कमी तयार होतात. उलट, अनेक मोठ्या ब्रुअऱ्या जागा आणि ऊर्जा वाचवण्यासाठी दाट काढा (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड द्रव) आंबवतात आणि शेवटी प्राणवायू काढून टाकलेले पाणी घालून बिअर हव्या त्या ताकदीवर आणतात. या दाट काढ्यात तेच यीस्ट नेहमीपेक्षा जास्त एस्टर सोडते. एकाच यीस्टच्या किती पिढ्या वापरायच्या, आंबवण्याचे तापमान अर्ध्या अंशाने वर ठेवायचे की खाली, काढ्यात हवा किती मारायची, या प्रत्येक गोष्टीची छाप पेल्यात उतरते.

म्हणूनच करारात केवळ पाककृती नसते, तर चव जुळवण्याचे बंधनही असते. परवानाधारक ठरावीक काळाने नमुने मूळ ब्रुअरीला पाठवतो आणि तिथले चाखणारे पथक ते तपासते. या तपासणीतला सर्वांत निर्दय प्रकार म्हणजे त्रिकोणी चाचणी. रंगावरून ओळख पटू नये म्हणून खोलीत लाल दिवा लावलेला असतो. समोर तीन पेले, तिन्हींवर केवळ तीन आकडी क्रमांक. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा पेला कोणता एवढेच सांगायचे असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा चाचणीत सलग चार वेळा चुकलो आणि पाचव्यांदा जे बरोबर आले तेही अंदाजाने, हे येथे प्रामाणिकपणे सांगतो. नीट जुळवलेली परवान्याची बिअर आणि मूळ बिअर यांत डोळे झाकून फरक ओळखणे आपल्याला वाटते त्याहून फार अवघड आहे. लेबल समोर असले की जीभ हुशार होते.

प्रश्न : ब्रिटनमध्ये काही युरोपीय लागरचे मद्यार्क-प्रमाण मूळ देशातल्यापेक्षा कमी छापलेले आढळले. मग ती तीच बिअर कशी म्हणायची?

माझ्या मते म्हणू नये. मद्यार्क कमी केला की केवळ नशा कमी होत नाही. मद्यार्कामुळे बिअरला अंग येते, गोडसर ऊब येते आणि गंध वर उचलला जातो. तो घटला की उरलेला कडवटपणा आणि पाणचटपणा उघडे पडतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हाइनेकेनचे आहे. व्हिटब्रेड ही ब्रिटिश कंपनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून परवान्याखाली ब्रिटनमध्ये हाइनेकेन बनवत होती. नेदरलँड्समधील बिअर ५ टक्क्यांची, तर ही ३.४ टक्क्यांची. त्यामागचा हिशेब साधा होता. ब्रिटिश ग्राहक पबमध्ये उभ्या उभ्या एकामागून एक पाइंट रिचवणारा, त्याला हलकी बिअर सवयीची, आणि त्या काळातील करही आंबवण्यापूर्वीच्या काढ्याच्या घनतेवर आकारला जात असल्यामुळे हलकी बिअर स्वस्तही पडे. ही बिअर प्रचंड खपली. परंतु तीच माणसे सुटीत युरोपात जाऊन खरी हाइनेकेन पिऊ लागली, तेव्हा घरची हाइनेकेन म्हणजे कमअस्सल माल असा समज पक्का होत गेला. अखेर २००३ मध्ये हाइनेकेन कंपनीने ती हलकी बिअर बाजारातून काढून घेतली आणि नेदरलँड्समधून ५ टक्क्यांची बिअर आणून विकायला सुरुवात केली. चांगला चाललेला धंदा स्वतःच्या नावासाठी थांबवणारी कंपनी विरळाच.

उलट दिशेचा प्रवासही आपल्यासमोर आहे. ब्रिटनमध्ये बनणारी स्टेला आर्टवा २०१२ मध्ये ५ वरून ४.८ टक्क्यांवर आणली गेली आणि पुढे ४.६ वर. तिथे बिअरवरील कर मद्यार्काच्या प्रमाणात लागतो, तेव्हा दशांशाच्या एका आकड्यातही लाखो पिंपांवर मोठी बचत असते. बेल्जियममधील स्टेला पिऊन आलेल्याला ब्रिटनमधली वेगळी वाटली, तर त्यात पाण्याचा किंवा यीस्टचा गूढ संबंध शोधण्याऐवजी आधी लेबलावरचा आकडा वाचावा.

प्रश्न : आयात बिअर म्हणून जास्त पैसे मोजले आणि ती स्थानिकच निघाली, तर ही फसवणूक नव्हे काय?

अमेरिकेत हा वाद दोन वेळा चांगलाच गाजला. १९७० च्या दशकात मिलर कंपनीने म्युनिकच्या लोवेनब्रॉय या बिअरचे अमेरिकेतील हक्क घेतले आणि ती बिअर तिथेच बनवायला सुरुवात केली. म्युनिकमधली बिअर फक्त माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्टची, तर मिलरच्या पाककृतीत मक्याचा भरडाही होता. १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी अनहायझर-बुशने संघीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की आयात मालाच्या थाटात आणि किमतीत ग्राहकांना देशी बिअर विकली जात आहे.

नियतीची गंमत अशी, की पुढे त्याच अनहायझर-बुशवर हीच वेळ आली. ब्रेमेनची बेक्स ही बिअर २०१२ पासून अमेरिकी बाजारासाठी सेंट लुइसमध्ये बनू लागली. लेबलावर ब्रेमेनचा आणि १५१६ च्या जर्मन शुद्धता कायद्याचा उल्लेख ठळक होता, आणि ‘अमेरिकेत उत्पादित’ हे शब्द चकचकीत रुपेरी पट्टीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत. बाटली दिव्याखाली तिरपी धरल्याशिवाय ते वाचताच येत नव्हते. ग्राहकांनी दावा लावला आणि २०१५ मध्ये तडजोड होऊन पावती असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ५० डॉलरपर्यंत परतावा देण्याचे ठरले. जमैकाच्या रेड स्ट्राइपची अमेरिकी बिअरही काही वर्षे पेनसिल्व्हेनियात बनत होती. त्यावरचा दावा मात्र न्यायालयाने फेटाळला. तेव्हा कायद्याचा कौल ‘स्थानिक बनवली का’ यावर नव्हे, तर ‘तसे वाचता येईल अशा रीतीने सांगितले का’ यावर ठरतो. एक बारकावा येथे नोंदवायला हवा : बेक्सच्या बाबतीत परवाना घेणारी तिसरी कंपनी नव्हतीच, ब्रँड आणि ब्रुअरी एकाच मालकाच्या होत्या. आजकाल ‘परवान्याची बिअर’ म्हणून जे ओळखले जाते त्यातले बरेचसे असेच घरातल्या घरातले असते.

प्रश्न : नायजेरियात बनलेली गिनेस डब्लिनच्या गिनेसपेक्षा सरस असते, असे एक मित्र छातीठोकपणे सांगतो. परवान्याची बिअर मुळापेक्षा चांगली असू शकते?

आपल्या मित्राची तुलना बरोबरीच्यांत नाही, पण त्याची चव चुकलेली नाही. डब्लिनच्या पबमध्ये नळातून मिळते ती ४.२ टक्क्यांची, नायट्रोजनमुळे सायीसारखी लागणारी गिनेस. नायजेरियातली ‘फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट’ ७.५ टक्क्यांची, कार्बन डायऑक्साइडने फसफसणारी, जड आणि तिखट-कडू. तिचे मूळ लांबच्या सागरी प्रवासासाठी १८०१ च्या सुमारास बनवलेल्या वेस्ट इंडिया पोर्टरमध्ये सापडते. म्हणजे ही दोन वेगवेगळी भावंडे आहेत.

खरी गंमत पुढे आहे. लागोसजवळच्या इकेजा येथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गिनेसची ब्रुअरी उभी राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियाने बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, आणि ब्रुअरीला ज्वारी व मक्याकडे वळावे लागले. ज्वारी हे ब्रुअरला सहज वश होणारे धान्य नव्हे. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, साखर करण्याची तिच्या एन्झाइमांची ताकद अपुरी पडते, आणि बार्लीसारखे टरफल नसल्यामुळे काढा गाळणेही कटकटीचे होते. या सगळ्यावर बाहेरून एन्झाइम घालून तोडगा काढला गेला. मग गिनेसचा काळेपणा आणि भाजका कडवटपणा कुठून येतो? डब्लिनमध्ये तयार होणारा एक दाट काळा अर्क परदेशातल्या ब्रुअऱ्यांना पाठवला जातो आणि तो तिथे बनलेल्या फिकट बिअरमध्ये मिसळला जातो. ज्वारीची कोरडी धार आणि डब्लिनचा अर्क यांतून जी बिअर उभी राहिली, ती नायजेरियन माणसाच्या दृष्टीने मूळच आहे. परदेशात स्थायिक झालेले नायजेरियन लोक ती मुद्दाम शोधून घेतात आणि त्यामुळे ती उलट ब्रिटनमध्ये आयात होऊन विकली जाते. २०२४ मध्ये गिनेसची मालक कंपनी डियाजिओने नायजेरियातील कंपनीतला आपला हिस्सा तोलाराम समूहाला विकला. तेव्हा आता ही गिनेस खऱ्या अर्थाने परवान्याची झाली, पण पिणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही.

प्रश्न : मग किंमत जास्त असली तरी आयात केलेली बाटलीच घ्यावी का?

तारीख बघून घ्यावी. फिकट लागरला वय मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, आणि जहाजावरच्या कंटेनरमध्ये किंवा बंदराच्या गोदामात अनेक आठवडे काढलेल्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उतरू लागते. अशा वेळी महिन्याभरापूर्वी जवळच भरलेली परवान्याची बिअर मूळ बिअरच्या अधिक जवळची असते.

हिरव्या बाटलीचा एक प्रयोग घरी करून पाहा. एकच ताजी लागर दोन काचेच्या पेल्यांत ओता, एक सावलीत ठेवा आणि दुसरी दहा मिनिटे उन्हात, मग दोन्हींचा वास घ्या. उन्हातल्या पेल्याला गंधकाचा, जळक्या रबरासारखा उग्र दर्प येईल. प्रकाशाने हॉप्समधील कडू घटक मोडून हे गंधकयुक्त संयुग तयार होते आणि ते नाकाला अब्जांश भागाहूनही कमी प्रमाणात जाणवते. तपकिरी काच हा प्रकाश अडवते, हिरवी जवळजवळ नाही. आता तो वास ओळखीचा वाटला का ते पाहा. वाटला, तर आपण आजवर ज्याला ‘अस्सल परदेशी चव’ म्हणत आलात, ती दुकानाच्या दिव्याखाली तयार झालेली होती.