पाणीच बघायचं तर वेंगुर्लं काय वाईट?

प्रश्न: मुलगी आणि जावई ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेनमध्ये राहतात. जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे तिकडे आहोत. त्यांचे डच शेजारी स्वतःच्या होडीतून कालवे दाखवतो म्हणालेत. परक्या माणसाला त्रास द्यायचं जिवावर येतं. त्यापेक्षा काचेच्या छताच्या मोठ्या बोटीचं तिकीट काढावं का? हिचे गुडघे दुखतात. शिवाय जन्म वेंगुर्ल्यात गेला, होड्या बघायला एवढ्या लांब कशाला, असंही मनात येतं.
— एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ला

उत्तर: गुरुजी, शेजाऱ्यांना आजच होकार कळवा. आपल्याकडे ‘या एकदा घरी’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मला तिकडे भेटलेला डच माणूस मात्र असं म्हणाला की पाठोपाठ डायरी काढून तारीख विचारायचा. वेळ तेवढी पाळा. तिकडे माझ्या मुलाच्या शेजारच्या आजोबांनी होडीतून फिरायला सातला बोलावलं होतं, आम्ही सात वाजून बारा मिनिटांनी पोहोचलो. ते काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघून दोर सोडला.

काचेच्या बोटीतून मी आधीच जाऊन आले होते. कानाला यंत्र लावून माहिती ऐकायची आणि काचेतून फोटो काढायचे. वाईट काही नाही, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आजोबांच्या होडीत बसले तेव्हा हात पाण्याला टेकत होता आणि पुलाखालून जाताना सगळेच आपोआप वाकत होतो. वेग माणसाच्या झपझप चालण्याएवढा. खालून बघितल्यावर कळलं, की घरं नुसती वाकडी नाहीत, मुद्दाम पुढे झुकवलेली आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर एक तुळई आणि तिला आकडा. आतले जिने इतके अरुंद आणि उभे, की कपाट न्यायचं म्हणजे दोरीने बाहेरूनच वर चढवायचं. भिंत पुढे कललेली असली म्हणजे कपाट तिच्यावर आपटत नाही. आजोबांनी स्वतःचा पियानो असाच चढवला होता. सांगताना अजून छातीवर हात जात होता.

चिखलावर हे शहर उभं कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाले, लाकडावर. डॅम चौकातल्या राजवाड्याखाली 13,659 खांब ठोकलेत. शाळेत आकडा पाठ करायची युक्ती अशी: वर्षाचे दिवस 365, पुढे एक, मागे नऊ. (तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहिलं.) लाकूड पाण्याखाली राहिलं, हवा लागली नाही, की शतकानुशतकं टिकतं. कालवे किती खोल, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी. सायकलींची गंमत नाही बरं का, दरवर्षी हजारोंनी बाहेर काढतात.

हेरनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सनग्राख्त ही मोठ्या कालव्यांची नावं तुम्हाला कुठेही सापडतील. मार्ग विचारला तर रेग्युलिअर्सग्राख्त या कालव्याच्या तोंडाशी थांबायला सांगा. तिथे एकामागे एक सात पूल एका रेषेत दिसतात. रस्त्यावरून ते नीट दिसत नाहीत, पाण्यातूनच बघायचे. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून रात्रीचं जेवण उशिरा ठेवा, म्हणजे कमानींवरचे दिवे लागलेले बघायला मिळतील.

आता वहिनींचे गुडघे. काठावरून होडीत उतरायची पायरी उंच पडते. जिथे काठ बुटका आहे, तिथून चढवायला शेजाऱ्यांना आधीच सांगा. आधी काठावर बसायचं, मग पाय आत घ्यायचे. छोट्या होडीत स्वच्छतागृह नसतं, तेव्हा चहा बेताने. स्वेटर हवाच, जून असला तरी. त्या दिवशी गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला, तर मोठी बोट आहेच. जावयांना स्वतः होडी भाड्याने घ्यायची हौस आली, तर थोपवा. लहान विजेच्या होडीला परवाना लागत नाही, त्यामुळे कुणीही चालवतं, आणि शनिवारी प्रिन्सनग्राख्तमध्ये ते ‘कुणीही’ सगळे एकदम भेटतात.

रिकाम्या हाताने जाऊ नका. आमच्या आजोबांनी पातळ पोह्यांचा चिवडा बिअरबरोबर संपवला आणि डबा परत द्यायला आले तेव्हा आत काय होतं ते लिहून घेतलं. तुम्ही काजू न्या, तुमच्याकडचे.

आणि होड्या बघायला लांब कशाला, म्हणालात ना? क्लोवनियर्सबुर्गवाल नावाच्या कालव्यातून होडी न्यायला सांगा. त्याला लागूनच डच ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती, आता तिथे विद्यापीठ आहे. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला याच कंपनीने तुमच्या गावात वखार घातली. निघण्याआधी त्या पडक्या वखारीचा एक फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि तिथे पोहोचल्यावर शेजाऱ्यांना दाखवा. बोलायला विषय कमी पडणार नाही.