८० लाखांच्या फ्लॅटसाठी पगार किती हवा?

प्रश्न : कोल्हापुरात ताराबाई पार्कात ८० लाखांचा तयार फ्लॅट पाहिला आहे. आम्ही नवरा-बायको मिळून महिन्याला १ लाख १२ हजार रुपये हातात आणतो. बँकवाले कर्ज बसेल म्हणतात. घ्यावा का? (राजारामपुरी)

बँकेच्या हिशेबात बसेल, पण घरखर्चाच्या हिशेबात ओढाताण होईल.

कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. तुमच्या बाबतीत ६४ लाख. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. ६४ लाखांना ५५,५५२ रुपये. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता बँका चालवून घेतात, म्हणून होकार आला. उरलेल्या साडेछप्पन्न हजारांत किराणा, शाळेची फी, आई-वडिलांची औषधं, मेंटेनन्स, घरपट्टी आणि विमा भागवायचा आहे. त्यात दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने थांबली, तर?

आमच्या मते सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या ४० टक्क्यांत बसायला हवेत. त्या हिशेबाने या फ्लॅटसाठी महिना १ लाख ३९ हजार लागतात. तुमच्या आजच्या पगाराला ४४,८०० रुपयांचा हप्ता झेपेल, म्हणजे साधारण ५१ लाखांचं कर्ज.

पदरचे पैसेही आधी मोजा. १६ लाख स्वतःचा हिस्सा, महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार. एकूण २१ लाख १० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, ८० हजार वाचतील. शिवाय सहा हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर, खात्यात बाजूला हवी.

व्याजदर बदलता असतो, हेही विसरू नका. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० महिन्यांचं कर्ज जवळपास ३०९ महिन्यांवर जातं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने तुम्हाला द्यायला हवा. शक्य असेल तर हप्ता वाढवा.

प्रश्न : गाडीचा १४ हजारांचा हप्ता चालू आहे, दोन लाख बाकी आहेत. आधी फेडावी का? (फुलेवाडी)

हो. १४ हजारांचा तो हप्ता साडेआठ टक्के दराने १६ लाखांचं गृहकर्ज अडवून बसला आहे. मात्र ते दोन लाख पर्सनल लोन काढून फेडू नका. एक हप्ता गेला आणि दुसरा आला, एवढंच होईल. फेडल्यावर बँकेकडून नाहरकत पत्र घ्या, आरसी बुकावरचा बोजा उतरवा आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये (तुमच्या कर्जांच्या नोंदींत) कर्ज बंद दिसल्यावरच गृहकर्जाचा अर्ज भरा.

प्रश्न : उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. धंदा चांगला आहे, पण आयकर रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न ६ लाखच दिसतं. (शिवाजी उद्यमनगर)

बँकेसाठी रिटर्नमध्ये जे दिसतं तेच तुमचं उत्पन्न. एक आधार आहे : घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दाखवलेली रक्कम. तो कागदावरचा खर्च असतो, खिशातून पैसे जात नाहीत. म्हणून बऱ्याच बँका तो नफ्यात परत मिळवतात. लेथ-व्हीएमसीसारख्या मशीनचा अडीच लाख घसारा असेल, तर ६ चे साडेआठ लाख धरले जातील. त्यातून आयकर आणि मशीनच्या कर्जाचे हप्ते वजा करून गृहकर्जाची ऐपत ठरते. यंदाच एकदम उत्पन्न फुगवून दाखवू नका. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. अचानक मोठी उडी दिसली की सरासरी काढते, नाहीतर आधीच्या वर्षाचा आकडा धरते. घर दोन वर्षांनी घ्यायचं असेल, तर खरं उत्पन्न याच वर्षापासून दाखवा.

प्रश्न : मालक म्हणतो, ८० पैकी ६५ लाखांचा करार करू, १५ लाख रोख द्या. (कसबा बावडा)

असं करू नका. बँक कराराची किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यातली कमी असेल ती धरते. ६५ लाखांवर कर्ज मिळेल ५२ लाख. म्हणजे पदरचे १३ आणि रोखीचे १५ मिळून २८ लाख उभे करावे लागतील, १६ च्या जागी. मुद्रांक शुल्कात ९० हजार वाचल्यासारखे वाटतील, पण रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत ६५ लाखांहून जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर बसतं. पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी ६५ लाखांचीच धरली जाईल आणि त्या १५ लाखांवरही भांडवली नफ्याचा कर भरावा लागेल. घरखरेदीत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकाला स्पष्ट सांगा. पूर्ण ८० चा करार केलात, तर रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो. ती जबाबदारी तुमची आहे, मालकाची नाही.