एनएएडीपी दिल्यावर कॅल्शियम सुटत नाही, म्हणजे होमोजिनेट मेलं का?

सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांच्या होमोजिनेटला (अंडी फोडून केलेल्या द्रावणाला) एनएएडीपी, म्हणजे साठ्यांमधून कॅल्शियम सोडवणारा संदेशक रेणू, दिलं तरी फ्लुरेसन्सच्या (चमकेच्या) आलेखाची रेषा ढिम्म हलत नाही, तर ते फेकून नवीन करावं का आणि फ्लुओ-३ (कॅल्शियम वाढलं की जास्त चमकणारा रंग) बदलावा का, असं तुम्ही विचारलंय.

फेकू नका! आधी त्याच क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक नळीत) आयपी३, म्हणजे कॅल्शियम सोडवणारा दुसरा संदेशक, टाका. रेषा उसळली तर रंगही ठीक, होमोजिनेटही.

माझं पहिलंच वर्ष होतं. अगदी हाच प्रकार. सरांनी रेषेकडे पाहिलं, "मेलंय" म्हणाले आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या सगळ्या नळ्या फेकायला लावल्या. पोटॅशियम क्लोराइड टोचून अंडी मिळवणं, त्यांची जेली काढणं, धुणं, फोडणं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. नव्या बॅचनेही तेच केलं.

मला एकच गोष्ट खटकत होती. १७ अंशांवर टप्प्याटप्प्याने पातळ करताना तीन तास फ्लुरेसन्स नीट खाली येत होता, म्हणजे कॅल्शियम साठ्यांच्या आत ओढलं जात होतं. मेलेलं होमोजिनेट पंप चालवतं का? हे सरांना विचारलं, तर "आधी काचसामान घासा" एवढंच उत्तर मिळालं.

गंमत म्हणजे चूक क्युव्हेटचीच निघाली, पण सरांच्या अर्थाने नाही. आदल्या प्रयोगानंतर मी ती नुसती पाण्याने दोनदा विसळली होती. एनएएडीपीचा खोडसाळपणा असा, की एका नॅनोमोलरपेक्षा कमी राहिलं तरी ते कॅल्शियम सोडत नाही, मात्र पुढच्या मोठ्या डोसची वाट बंद करतं. आयपी३चं असं नसतं. कोऱ्या क्युव्हेटमध्ये पहिल्याच थेंबाला रेषा सरळ वर गेली.

कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) आधी एनएडीपी, म्हणजे एनएएडीपीशी रचनेने मिळताजुळता पेशीतला रेणू, टाकत असाल तर तेही बंद करा. १९८७ मध्ये होन चुंग ली यांच्या गटाला एनएडीपीमुळे कॅल्शियम सुटताना दिसलं होतं. खरा कर्ता एनएएडीपी, आणि ते बाजारच्या एनएडीपीत अशुद्धी म्हणून असतं, हे १९९५ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे कंट्रोलच घात करतो.

हां, एक राहिलं. आयपी३ ईआरमधलं (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यातलं) कॅल्शियम सोडतं, एनएएडीपी लायसोसोमसारख्या आम्लधर्मी साठ्यांमधलं. त्यामुळे आयपी३ चाललं म्हणून दुसरा साठा भरलेला आहेच असं नाही. त्यासाठी जीपीएन (हे आम्लधर्मी साठे फोडणारं रसायन) टाकून बघा.

सर अजूनही म्हणतात, ती बॅच खराबच होती. त्या नळ्या आता कुठून आणू?