आधी ब्रेकचे बल्ब बघा, सर्व्होचं नंतर बोलू

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता एक ओळ टाकली आहे: ‘मागचे दिवे गेल्या महिन्यात एलईडी केले, रात्री झकास दिसतात.’ माझं लक्ष तिथंच अडकलं. २००२ ची पिकअप, क्रूझ (पेडलवर पाय न ठेवता वेग धरून ठेवणारी सोय) ऑन केला की दिवा लागतो, ‘सेट’ दाबलं की ढिम्म, आणि गॅरेजवाल्याने सर्व्हो (क्रूझसाठी ॲक्सिलरेटर ओढून धरणारा भाग) बदलायचे ७०० डॉलर सांगितलेत. अगदी माझीच कथा. फरक इतकाच की मी पैसे भरून बसले.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. कॅन्सस सिटीजवळ राहते, भाजीपाला लावते आणि जुनी पिकअप स्वतः चालवते. फ्यूज वगैरे तुम्ही बघितलेच असतील, ते सोडून देते.

आमचं वर्षातून दोनदा डेन्व्हरला जाणं होतं. आय-७० वर सुमारे ६०० मैल, त्यातलं अख्खं कॅन्सस सरळसोट. क्रूझ नसेल तर वाटेतल्या हेज गावापर्यंत पोचेस्तोवर उजवा गुडघा बोंबलायला लागतो. एका रविवारी मी हौसेने मागचे तिन्ही ब्रेकदिवे एलईडी केले. नंतर तीनेक आठवडे गावातच फिरणं झालं, तिथे क्रूझ लावतंय कोण? हायवेला लागलो तेव्हा कळलं की तो गेलाय. दिवे आणि क्रूझ यांचा संबंध डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही. तपासणीचे १६० डॉलर आधी घेतले. काउंटरवरचा माणूस सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, ज्याला बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही माहीत नाही. निदान काय, तर ‘सर्व्हो गेलाय’. बदलला. क्रूझ नाहीच. मग म्हणे ‘क्लॉकस्प्रिंग असेल’, म्हणजे स्टिअरिंगमधली तारांची गुंडाळी. मी विचारलं, हॉर्न वाजतोय, एअरबॅगचा दिवा लागलेला नाही, मग क्लॉकस्प्रिंग कशी? हॉर्न, एअरबॅग आणि स्टिअरिंगवरची क्रूझची बटणं यांच्या तारा त्याच गुंडाळीतून जातात. गुंडाळी तुटली की बहुतेक वेळा हॉर्नही मुका होतो. उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्या कॉम्प्युटरवर तसं दाखवतंय.’ कॉम्प्युटरवर काय दाखवतंय ते मात्र दाखवेनात. सर्व्हो परत घ्या म्हटलं तर इलेक्ट्रिकल पार्ट परत होत नाहीत. एकूण चुना ६८० डॉलरचा.

शेवटी मी मल्टिमीटर घेऊन बसले. सर्व्होचा प्लग काढला, ब्रेकदिव्यांकडून येणारी तार वायरिंगच्या नकाशावरून शोधली आणि ती तार व बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजला. साधे बल्ब असतील तर तिथे दोन-चार ओहमच्या आत आकडा यायला हवा. माझं मीटर जागचं हललं नाही. सर्किट उघडं, म्हणजे तार बॉडीशी कुठूनच जोडलेली नाही! एलईडी काढून जुना काचेचा बल्ब बसवला आणि आकडा खाली आला. तशीच गाडी काढली, ताशी ४५ मैलांना ‘सेट’ दाबलं, आणि पाय काढला तरी पेडल आपलं आपण धरून राहिलं.

कारण साधं आहे. अशा जुन्या क्रूझ मॉड्यूलला खात्री हवी असते की ब्रेक दाबला तर ते आपल्याला कळेल. म्हणून ब्रेक दाबलेला नसताना ते बल्बच्या फिलामेंटमधून ग्राउंड (म्हणजे बॉडीशी जोड) मिळतंय का ते बघत असतं. फिलामेंटच नसेल, म्हणजे सगळे बल्ब उडालेले असतील किंवा एलईडी लावले असतील, तर त्याला वाटतं तार तुटली, आणि ते क्रूझ लागूच देत नाही. माझ्या मते शहाणपणाची रचना आहे. सगळ्याच गाड्यांत ती असते असं नाही, पण तुमच्या वयाच्या बऱ्याच अमेरिकन पिकअपमध्ये असते.

तेव्हा ७०० डॉलर देण्याआधी काचेचे बल्ब परत लावा. सुरुवात छताजवळच्या मधल्या दिव्यापासून करा. मागच्या दोन दिव्यांची तार बऱ्याचदा इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून येते, मधल्याची सरळ येते. एलईडीच हवे असतील तर फिलामेंटची जागा भरून काढणारे लोड रेझिस्टर मिळतात, पण ते चांगलेच तापतात. प्लास्टिकला टेपने चिकटवू नका, पत्र्यावर बसवा.

बल्बने काम झालं नाही तर ब्रेक पेडलवरचा स्विच बघा. गिअर हाताने टाकायची गाडी असेल तर क्लचचाही. स्पीडोमीटर मधेच शून्यावर येत असेल तर स्पीड सेन्सर. आणि स्टिअरिंग उघडायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, एअरबॅगशी खेळ नको. मी तर ते काम स्वतः करतच नाही.

गाडी कुठल्या कंपनीची ते तुम्ही लिहिलेलं नाही. फोर्ड असेल तर एक वेगळी गोष्ट. ब्रेकच्या मास्टर सिलेंडरपाशी बसवलेल्या क्रूझच्या स्विचमध्ये ब्रेक ऑइल झिरपून आग लागायची, तीही गाडी बंद करून उभी असताना, कारण त्या स्विचला कायम करंट असायचा. १९९९ ते २००९ दरम्यान यावर बरेच रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) झाले, मिळून १.४ कोटींच्या वर गाड्या. दुरुस्ती म्हणून मध्ये फ्यूज असलेली जोडतार घातली जाते. तो फ्यूज उडाला की क्रूझ बंद पडतो, आणि तेव्हा फ्यूज बदलायचा नसतो, स्विच बदलायचा असतो. सरकारी साइटवर १५ वर्षांपेक्षा जुने रिकॉल दिसतीलच असं नाही, म्हणून डीलरला फोन करून व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) सांगा आणि विचारा.

जुने बल्ब फेकून दिले असतील तर विकत घेताना नंबर गाडीच्या पुस्तकातून बघून घ्या. ३१५७ चं बूड प्लास्टिकचं चपटं असतं, ११५७ चं पितळी गोल. मी घाईत चुकीचा आणून दुकानात दुसरी फेरी मारली होती.