पाइप टाकले तरी मीठफुटी का जात नाही?

प्रश्न: क्षारपड जमिनीत साधारण सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून वर्ष झालं. मिठाचा पांढरा थर अजून दिसतोच, आणि पाइपच्या तोंडातून पाणी पण फारसं येत नाही. पैसे पाण्यात गेले म्हणायचे का?

उत्तर: पाण्यात गेले असते तर बरंच झालं असतं, कारण तुमच्याकडे पाणीच कमी पडलेलं दिसतंय! पाइप काही क्षार ओढून घेत नाही हो. क्षार विरघळवून खाली नेतं ते पाणी, पाइप त्याला फक्त बाहेर जायला वाट देतो. आता हिशोब बघा, ०.५ ईसीचं (ईसी म्हणजे विद्युत वाहकता, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये; जितकी जास्त तितके क्षार जास्त) पाणी म्हणजे चांगलंच पाणी, तरी त्यात लिटरला ३२० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असतात, आणि हेक्टरला वर्षात १००० मिमी पाणी दिलं की ते १ कोटी लिटर होतं, म्हणजे ३२०० किलो क्षार आपणच आपल्या हाताने शेतात आणून टाकतो. पीक पाणी पिऊन घेतं आणि मीठ तिथंच राहतं.

त्यामुळे वाफे बांधून जमीन धुवावीच लागते. ढोबळ अंदाज असा की ३० सेंमी मातीतून ३० सेंमी पाणी खाली गेलं की तेवढ्या थरातले ८० टक्क्यांच्या आसपास क्षार निघतात. एकदम तुंबवून ठेवण्यापेक्षा थांबून थांबून द्या, पाणी कमी लागतं. पावसाळ्यात बांध नीट ठेवले तर अर्धं काम फुकटात होतं.

आता पाइप कोरडा का, तर पाणीपातळी पाइपच्या खाली असेल तर तो कोरडाच राहणार, त्यात बिघाड काही नाही. खात्री करायला शेताच्या मधोमध दोन मीटरचं भोक घेऊन त्यात भोकं पाडलेली नळी उभी करा आणि आतली पातळी बघत राहा. नळीत पाणी जमिनीखाली अर्ध्या मीटरवर उभं आहे आणि पाइप मात्र कोरडा, असं दिसलं तर मग चोकअप समजा: उतार मध्येच उलटा झाला असेल, फिल्टरच्या कापडात गाळ बसला असेल नाहीतर मुळ्या शिरल्या असतील. आणि हो, वरचा पांढरा थर बघून निकाल लावू नका, ०-३० आणि ३०-६० सेंमीचे नमुने वेगवेगळे तपासा.

प्रश्न: माझ्या मातीचा सामू (पीएच) ९ आलाय, पाणी दिलं की दिवसेंदिवस वरच उभं राहतं. मी पण पाइपच टाकू का?

उत्तर: नुसते पाइप नको. ही जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली वाटतेय, विनिमयक्षम सोडियमची (मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची) टेस्ट करून घ्या, १५ टक्क्यांच्या वर असेल तर आधी जिप्सम. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला हुसकावतो, मग धुणं, आणि धुतलेलं जायला निचरा. जिप्समशिवाय गोडं पाणी सोडत बसलात तर माती अजून विस्कटून घट्ट होते, आणि नुसतं जिप्सम टाकून वाट दिली नाही तर सुटलेला सोडियम जाणार कुठं?

प्रश्न: निचऱ्याचं पाणी परत पिकाला दिलं तर चालेल का, की ओढ्यात सोडून मोकळं व्हायचं?

उत्तर: आधी ईसी मोजा. बार्ली, कापूस मातीतली ८ च्या आसपासची ईसी सोसतात, घेवडा मात्र १ च्या पुढे गेली की मार खायला लागतो. चांगल्या पाण्यात मिसळून द्या, पण तेच क्षार परत शेतात येतात हे लक्षात ठेवून. ओढ्यात सोडलं की खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जायची शक्यता असते, त्याला आधी विचारलेलं बरं. कॅलिफोर्नियात सॅन होकिन खोऱ्यातलं निचऱ्याचं पाणी केस्टरसनच्या तळ्यात सोडत होते, १९८३ मध्ये तिथं पक्ष्यांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मलेली सापडली, कारण मिठासोबत मातीतलं सेलेनियमपण (जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य) वाहून आलं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी तरी ईसीवर थांबू नका, लॅबमधून बोरॉन आणि सेलेनियमपण बघून घ्या.