“टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडलं आणि मला काही सुचलंच नाही तर?”

सोलो (एकट्याने करायचं) उड्डाण जवळ आलं की विद्यार्थी वैमानिकांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. सेसना 172 एस या छोट्या, एका इंजिनाच्या विमानावर शिकणारी एक तरुणी याच धास्तीने माझ्याकडे आली होती. चेकलिस्ट तोंडपाठ, पण झोप उडालेली.

“चारशे फुटांवर इंजिन गेलं, तर पहिलं काय करशील?” यावर तिचं उत्तर तयार होतं: “मागे धावपट्टीकडे वळेन.” तिच्या भीतीचं मूळ इथेच होतं. सुटकेची जी एकच वाट तिने धरली होती, ती त्या उंचीवर जमणार नाही हे तिला आतून कळत होतं.

ते गणित आम्ही कागदावर मांडलं. धावपट्टीच्या रेषेत परतायला 180 अंशांचं वळण पुरत नाही, बरंच जास्त लागतं. सेकंदाला 3 अंश या संथ वळणात नुसत्या 180 अंशांनाच एक मिनिट जातं आणि तेवढ्यात विमान सातशे फुटांहून अधिक खाली येतं. घाईने 45 अंश कलवून उंची राखत वळू पाहिलं, तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते तो) सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. जमिनीजवळ झालेल्या स्टॉलमधून सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून पहिली कृती एकच: नाक खाली. चढताना नाक वर असतं, ताकद गेली की वेग झपाट्याने घटतो. तिच्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे राखायचा वेग: फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना 70 नॉट, खाली असताना 65. मग समोर, थोडं डावी-उजवीकडे, त्यातल्या त्यात मोकळी जागा. वेळ मिळालाच तर मिक्श्चर (इंजिनाला जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, इग्निशन बंद, फ्लॅप, दार उघडं. मास्टर स्विच (विमानाची सगळी वीज) बंद करायचा तो फ्लॅपनंतरच, कारण फ्लॅप विजेवर चालतात.

सराव खुर्चीत बसून दिला. ती डोळे मिटून टेक-ऑफ बोलत जाई, मध्येच कुठेतरी “इंजिन गेलं!” असं ऐकू येई. हात पुढे (नाक खाली करायला कंट्रोल पुढे ढकलतात), लांब उच्छ्वास, मोठ्याने “नाक खाली, वेग, समोर”. दचकण्यात काही सेकंद जातातच. ते टाळता येत नाही, पण दचकलेला हातही पुढेच जाईल इतकं घोटता येतं.

प्रत्येक टेक-ऑफआधी मोठ्याने बोलायचं, हेही ठरलं: धावपट्टीवर असताना इंजिन गेलं तर थ्रॉटल (ताकदीचा दांडा) बंद, ब्रेक, ठरलेल्या उंचीखाली गेलं तर समोरच, वळण्याचा विचार त्या उंचीवरच. ती उंची प्रशिक्षकासोबत, सुरक्षित उंचीवर सराव करून ठरवायची.

उरलेली काळजी जमिनीवर कामाला लावली: इंधनाचा नमुना काढून पाणी तपासणं, 1800 आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं, एकेक करून तपासणं, फेऱ्यांची घट 150 पेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक 50 पेक्षा जास्त नको.

धडधड अजून होते, असं ती सांगते. तेवढी चालेल. पण रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी उडायचं नाही आणि प्रशिक्षकाला कारण स्पष्ट सांगायचं, हे तिने कबूल केलं आहे.