पेंढा माळ्यावर चढवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वायंगणी भात कापून झाले की पेंढा आणि घाटावरून ट्रकने येणारा कडबा पहिल्या पावसाआधी छपराखाली आणायची घाई सुरू होते. माणसे मिळत नाहीत, म्हणून यंत्रांची चौकशी करणारी पत्रे वाढली आहेत. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

वाळपई: आमच्या बारा गायी आहेत. गोठ्यावरच माळा आहे, जमिनीपासून साडेतीन मीटर उंच. आजवर शिडीवरून डोक्यावर गठ्ठे चढवत होतो. आता कप्पी बसवावी, चेन ब्लॉक घ्यावा की विजेचा होइस्ट (मोटरच्या ड्रमवर तार गुंडाळून भार उचलणारे यंत्र)?

आधी माल किती तो मांडा. एका गायीला रोज सहा किलो सुका चारा धरला, तर जून ते सप्टेंबर या 120 दिवसांत बारा गायींना 8,640 किलो लागतो. 18 किलोचा एक गठ्ठा धरल्यास 480 गठ्ठे झाले. एका वेळी तीन उचलले तर 160 फेऱ्या. खाली टाकायला यंत्र लागत नाही, तिथे माळ्याला भोक पुरते. म्हणजे सगळे काम वर्षातून एकदाच, दोन-तीन दिवसांचे आहे.

चेन ब्लॉक यासाठी घेऊ नका. अर्ध्या टनाच्या ब्लॉकवर भार एक मीटर वर जायला हातातली साखळी वीस मीटरहून जास्त ओढावी लागते. इंजिन उचलायला तो उत्तम, 160 फेऱ्यांना नाही.

दोन माणसे असतील तर दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्या जोडा. भार चार पदरांवर वाटला जातो. तीन गठ्ठ्यांचे 54 किलो उचलायला हिशेबाने साडेतेरा किलोची ओढ लागते. चाकांचे घर्षण धरून ती सतरा-अठरा किलोपर्यंत जाते. चाक 100 मिलिमीटर व्यासाचे आणि बेअरिंगचे घ्या, दोर 14 मिलिमीटरचा पॉलिस्टरचा, लांबी 25 मीटर. नायलॉनचा दोर ताणतो, त्यामुळे भार वर-खाली झुलतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त पडतो, पण उन्हात राहिला की वर्ष-दोन वर्षांत तंतू ठिसूळ होतात. दोर मनगटाला गुंडाळून कधीही ओढू नका. हात सुटला तरी भार जागीच राहावा म्हणून कप्पीला दोर धरून ठेवणारा खटका हवाच.

एकच कप्पी लावायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: वरच्या हुकावर 54 किलो येत नाहीत. पलीकडून तुम्ही जवळपास तेवढ्याच जोराने खाली ओढत असता, त्यामुळे हुकावर 110 ते 115 किलो येतात. चार पदरांच्या जोडणीत हाच आकडा 72 च्या आसपास राहतो. गोव्यातल्या जुन्या घरांत हा हुक सरळ वाशाला अडकवलेला दिसतो. वासा कौले पेलायला घातलेला असतो, झटके देणारा भार झेलायला नाही. हुक, आडवी तुळई आणि तिचे टेकू हे सगळे निदान पाचपट ताकदीचे धरा.

विजेचा 100/200 किलोचा (एकेरी तारेवर 100, दुहेरीवर 200) लहान होइस्ट घेतलात तर एकेरी तारेवर तो साधारण मिनिटाला दहा मीटर चढतो, म्हणजे साडेतीन मीटरना 21 सेकंद. वर-खाली धरून 42. पण या होइस्टच्या पाटीवर बहुधा S3 20% – 10 min असे लिहिलेले असते. अर्थ असा की दहा मिनिटांत दोनच मिनिटे मोटर चालवायची. म्हणून एक फेरी चार मिनिटांची धरा. 160 फेऱ्यांना पावणेअकरा तास, म्हणजे दोन दिवस लागतील. आमच्या मते तुमच्यासाठी हाच पर्याय बरा, फक्त तो टांगायची जागा आधी पक्की करा.

आणि माळा? 8,640 किलो बांधलेला पेंढा घनमीटरला शंभर किलो धरला तर 86 घनमीटर होतो. दोन मीटर उंच रचला तर दर चौरस मीटरला 200 किलो भार, वर माणसे वेगळी. लाकडी माळा हा भार घेईल का, ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय यंत्रावर पैसा घालू नका. भोकाभोवती कमरेएवढा कठडा बांधा.

पेडणे: गेल्या वर्षी होइस्ट घेतला. दहा-बारा फेऱ्या झाल्या की मोटर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. तारही ड्रमवर गुंतते.

मोटर बिघडलेली नाही. गरम झाल्यावर आतला थर्मल स्विच तिला बंद करतो. वर सांगितलेल्या वीस टक्क्यांच्या नियमापेक्षा तुम्ही ती जास्त चालवत आहात. दुसरे कारण व्होल्टेज. मीटर लावून मोजा, पण रिकाम्या वेळी नव्हे, भार उचलत असताना. आकडा 200 च्या खाली जात असेल तर मोटर जास्त करंट घेते आणि लवकर तापते. घरातून ओढलेली लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर बाद करा, 2.5 चौरस मिलिमीटरची कायमची लाइन घ्या. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. ओल्या गोठ्यात याला पर्याय नाही.

तार गुंतते कारण हुक जमिनीवर टेकल्यावरही खाली जायचे बटण दाबलेले राहते. तार सैल पडते, ड्रमवर वेडीवाकडी बसते आणि पुढच्या वेळी भाराखाली एक वेढा दुसऱ्यात रुततो. सगळी तार सोडा, पण ड्रमवर निदान तीन वेढे ठेवा. मग हुकाला दहा किलो वजन लावून ती पुन्हा वेढ्याला वेढा लागून गुंडाळा. तारेला मुडप पडली असेल किंवा तंतू तुटून बाहेर आले असतील तर ती बदलाच. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत बारीक तार आतून गंजते, म्हणून काम संपल्यावर ग्रीसचा हात फिरवून ठेवा.

धारबांदोडा: 24 बाय 8 मीटरची पत्र्याची शेड आहे. दारात ट्रक लावून गठ्ठे उचलायचे आणि रुळावरून आत शेवटपर्यंत न्यायचे आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो, बीम छपराच्या ट्रसलाच (कैचीलाच) वेल्ड करू.

नको. तुमची पाइपची ट्रस पत्रे आणि वारा यांच्या हिशेबाने केलेली आहे. तिच्या खालच्या पाइपच्या मध्यावर भार टांगला की पाइप वाकतो, आणि पावसाळी वाऱ्यात पत्र्यांवर ताण येतो तेव्हा तीच जागा सुटते. रुळासाठी वेगळे खांब घ्या, दर चार मीटरवर. चार मीटरच्या अंतराला मध्यावर 200 किलो टांगले तर आयएसएमबी 100 चा (I आकाराचा, 100 मिलिमीटर उंचीचा लोखंडी) बीम पाचेक मिलिमीटर लवतो, ते चालते. अंतर सहा मीटर केलेत तर तोच बीम सतरा-अठरा मिलिमीटर लवेल आणि ट्रॉली मधल्या खोलगटात जाऊन थांबेल.

ट्रकवरून उचलण्यासाठी बीम दाराबाहेर सव्वा मीटरभर काढावा लागतो. खरी चूक इथेच होते. बाहेरच्या टोकावर 200 किलो असताना आतल्या पहिल्या टेकूवर बीम 60 किलोंनी वर उचलला जातो. तो नुसता टेकवून ठेवला असेल तर उडतो. तिथे बोल्टने खाली बांधलाच पाहिजे. दाराकडचा टेकू चिऱ्याच्या भिंतीवर येत असेल तर बीम सरळ चिऱ्यावर ठेवू नका. चिरा मऊ, कडेने भुगा होतो. खाली 300 बाय 300 मिलिमीटरचा, 150 जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ओता.

ट्रॉली अडकते त्याची कारणे ठरलेली आहेत. बीमच्या सांध्यावरचे वेल्ड घासून सपाट केलेले नसते. दोन्ही बाजूंच्या चाकांमधले वॉशर असमान घातलेले असतात. चाकाची कड आणि बीमची पट्टी यांत प्रत्येक बाजूला एक-दीड मिलिमीटर मोकळी जागा हवी. तिसरे कारण सहसा कुणी बघत नाही. आयएसएमबीची खालची पट्टी आतून उतरती असते, आणि ट्रॉलीचे चाकही तशाच उताराचे लागते. सपाट पट्टीच्या बीमवर हे चाक एकाच कडेवर चालते आणि महिन्याभरात कड खाते. बीम विकत घेतानाच ट्रॉली सोबत नेऊन बसवून बघा. दोन्ही टोकांना बोल्टचे अडसर घाला, वेल्डचा ठिपका अडसर म्हणून धरू नका.

केपे: आमचा पेंढा सुटाच असतो. जुन्या अमेरिकी गोठ्यांच्या चित्रांत काटा लावून गवताचा मोठा भारा रुळावरून नेताना दिसतो. ते इथे करता येईल का?

त्या साधनाचे पेटंट आयोवातल्या विल्यम लाउडन यांनी 1867 मध्ये घेतले. गंमत त्याच्या खटक्यात आहे. भारा वर येईपर्यंत ट्रॉली रुळावर एका जागी अडकलेली राहते. भारा ट्रॉलीला भिडला की खटका सुटतो, आणि तोच दोर ओढत राहिल्यावर ट्रॉली आडवी धावू लागते. एकाच दोराने उचलणे आणि नेणे, दोन्ही कामे होतात. चांगला लोहार हे आजही बनवू शकेल.

काटा मात्र आपल्याकडे चालणार नाही. लांब, गुंतलेल्या गवतात तो पकड धरतो. भाताचा पेंढा गुळगुळीत, आणि हार्वेस्टरने काढलेला असेल तर तुकड्यांचा. वाटेतच गळतो. त्याऐवजी दोन मीटर चौकोनी जाळे अंथरा, त्यावर 50-60 किलो पेंढा आडवा-उभा रचा आणि चारही कोपऱ्यांचे फासे एका हुकात घ्या. जाळ्याची छिद्रे तळहातापेक्षा लहान हवीत. वर पोचल्यावर दोन फासे काढले की भारा उलटतो. भाऱ्याखाली कुणी उभे राहायचे नाही, आणि वर जायला म्हणून जाळ्यात बसायचे तर मुळीच नाही.

सांगे: गठ्ठे चढवणारा साखळीचा कन्व्हेयर घेऊ का?

हजारेक गठ्ठे असतील किंवा तीन-चार शेजारी मिळून घेणार असाल तर घ्या. सहा मीटर लांबीचा आणि एक एचपी मोटरचा साडेतीन मीटर उंचीला 36 अंशांच्या चढावर बसतो, 45 अंशांपुढे नेऊ नका. गोल रोल असतील तर खोलगट पन्हळ आणि उंच पट्ट्यांचाच बघा, सपाट पट्ट्यावरून रोल मागे घरंगळतात. दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा नसला की पट्ट्या तिरक्या होतात आणि साखळी दातांवरून उतरते. गठ्ठ्याची सुतळी शेपटाच्या शाफ्टवर गुंडाळते, ती काढताना आधी प्लग उपटा, मगच हात घाला. साडीचा पदर, ओढणी, लुंगी जवळ नको.

म्हापसा: जमिनीवरच हलवायचे तर काय?

दोन चाकांची उभी हातगाडी, हवेच्या टायरची. घन रबराची लहान चाके शेणाच्या जमिनीत रुततात. तीन गठ्ठे आरामात जातात.

डिचोली: ऑक्टोबरच्या पेंढ्याचे काही गठ्ठे रचल्यावर गरम लागले. वजनालाही जड होते.

ती दोन्ही एकाच गोष्टीची लक्षणे आहेत. परतीच्या पावसात भिजलेल्या पेंढ्यात ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि गठ्ठा आतून तापतो. बारा टक्के ओल असताना 18 किलो भरणारा गठ्ठा तीस टक्के ओलीला साडेबावीस किलो भरतो. म्हणून होइस्टचा हुक आणि भार यांच्यामध्ये टांगता वजनकाटा लावून टाका. तीन गठ्ठ्यांचा भार 54 ऐवजी 60 च्या वर दाखवू लागला की ते गठ्ठे उतरवून उन्हात सोडा. बेलरवाल्याने गठ्ठे कमी-जास्त घट्ट बांधले तरी वजन बदलते, तेव्हा शंका आली तर सुतळी कापून आतला पेंढा हातात घेऊन बघा.

रचलेल्या थप्पीत एक लोखंडी पाइप दीड मीटर आत खुपसा, वीस मिनिटांनी काढा. हाताला चटका बसत असेल तर थर्मामीटर दोरीने पाइपात सोडा. 55 अंशांच्या वर रोज दोनदा मोजा. 70 अंश दिसले तर दर चार तासांनी. 80 च्या आसपास गेले तर थप्पी स्वतः उपसायला जाऊ नका. आत हवा शिरताच पेट घेते. गुरे बाहेर काढा, गोठ्याची वीज बंद करा आणि 101 ला फोन लावा.